ओक्सीचा शिलेदार

बुलढाणा जिल्ह्याच्या घाटावरच्या मुलुखाचा इतिहास पुष्कळ अंशी घोड्याच्या पाठीवर घडलेला आहे. ज्या सिंदखेडच्या वाड्यात १५९८ साली जिजाबाईंचा जन्म झाला, त्या वाड्याचे धनी लखुजी जाधवराव हे निजामशाहीतले मातबर मनसबदार होते. आणि मनसबदाराची मातबरी त्या काळी त्याच्या गढीच्या उंचीवरून ठरत नसून त्याच्या पदरी किती स्वार आहेत यावरून ठरत असे. १६२९ साली दौलताबादच्या दरबारात या जाधवरावांचा दग्याने वध झाला, त्यानंतर शतक उलटण्यापूर्वीच, १७२४ साली, त्याच टापूतल्या साखरखेर्ड्याच्या रानात निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पाडाव करून हैदराबादच्या स्वतंत्र दौलतीचा पाया घातला. आणि पुढे १८५३ च्या तहाने त्याच दौलतीने आपल्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी सारे वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले, म्हणजे घाटावरच्या आणि घाटाखालच्या कुणब्याने भरलेला वसूल एका घोडदळाच्या चंदीसाठी व पगारासाठी खर्ची पडू लागला. घोड्यांशी इतका निकटचा संबंध असलेल्या या प्रदेशात कुंपणावरून घोडा उडवून शर्यत जिंकण्याची कल्पना मात्र कधी रुजली नाही.

याचे कारण आमच्या शेतांच्या रचनेत आहे. आमच्याकडे दोन शेतांच्या मध्ये असतो तो बांध, आणि तो तट्टूसुद्धा सहज ओलांडून जाते. मराठी फौजेच्या भीमथडी घोड्याकडून धन्याची अपेक्षा होती ती थोड्या दाण्यावर लांब मजल मारण्याची, उंच उडीची नव्हे. इंग्लंडमध्ये याच्या उलट झाले. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून गावोगावची सामायिक कुरणे खाजगी मालकीत घातली, आणि नव्या मालकांनी आपापल्या हद्दी काटेरी झुडपांच्या दाट कुंपणांनी व चरांनी बंदिस्त केल्या. कोल्ह्याला अर्थातच ही कागदपत्रे ठाऊक नव्हती. तो कुंपणाखालून निसटे, त्याच्या मागे शिकारी कुत्र्यांचा कळप घुसे, आणि कुत्र्यांच्या मागे दौडणाऱ्या जमीनदारापुढे दोनच मार्ग उरत: माघारी फिरावे किंवा कुंपणावरून घोडा घालावा. ज्यांनी दुसरा मार्ग पत्करला त्यांच्यात, कोणाचा घोडा अधिक धाडसी, यावरून पैजा लागल्या यात नवल नाही. १७५२ साली आयर्लंडमध्ये एडमंड ब्लेक आणि कॉर्नेलियस ओ'कॅलगन या दोन गृहस्थांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनेरेलच्या चर्चपर्यंत सुमारे साडेचार मैलांची अशी पैज लावली. समोरच्या चर्चचा मनोरा डोळ्यांपुढे ठेवावयाचा आणि वाटेत जे येईल ते ओलांडावयाचे, एवढाच तिचा नियम होता. अडथळ्यांच्या शर्यतीला ‘स्टीपलचेस’ हे नाव पडले ते या मनोऱ्यांवरून. लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री मैदानावर १८३९ पासून नामांकित झालेली ग्रँड नॅशनल ही याच कुळातली. पहिल्याच वर्षी कॅप्टन बेचर नावाचा स्वार तेथील ओढ्यात कोसळला आणि ओढ्याला स्वतःचे नाव देऊन गेला. जिंकणाऱ्या लॉटरी या घोड्याचे नाव मात्र आता जाणकारांनाच आठवते.

हा शौक साहेबाने हिंदुस्थानात आणला, पण येथे त्याला कुंपणे सापडेनात. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन दख्खनच्या माळावर भाल्याने रानडुकराची शिकार करण्यात रमे. स्काउट चळवळीचा जनक बेडन-पॉवेल याने उत्तरेत याच खेळाचा कादिर चषक १८८३ साली जिंकला होता. निलगिरीच्या उटकमंडला कोल्ह्याच्या मागे कुत्री सोडण्यात आली. यांपैकी कोणत्याही प्रकारातून मोठी अशी अडथळ्यांची शर्यत येथे मूळ धरून वाढली नाही. तरीसुद्धा या शर्यतीतील हौशी स्वार म्हणजे नेमके कोण, हे उमगण्यास वऱ्हाडच्या वाचकाला विलायतेपर्यंत जाण्याची गरज नाही. मराठी घोडदळात स्वारांचे दोन वर्ग होते, हे आपण शालेय पुस्तकांत वाचतो आणि विसरून जातो. बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे आणि दरमहाचा पगार घेई. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी, अशी शिवछत्रपतींच्या काळची त्यांची उतरंड होती. शिलेदार आपला घोडा आणि आपली हत्यारे स्वतः घेऊन येई. हैदराबाद कंटिंजंटचे रिसाले शिलेदारी पद्धतीचेच होते. त्यांत स्वाराची जागा ‘असामी’ म्हणून ओळखली जाई, ती चक्क विकत घेतली-विकली जाई, आणि ज्याच्याकडे अनेक असाम्या असत तो आपल्या घोड्यांवर बारगीर बसवी. हेच रिसाले १९०३ साली हिंदी सैन्यात विलीन झाले. त्यांपैकी विसाव्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणधुमाळीत, यंत्रतोफांच्या त्या युगात, हाय वुडपाशी भाले सरसावून हल्ला चढविला. महायुद्धानंतर शिलेदारी पद्धत मोडीत निघाली. तिच्यावरचा जुना आक्षेप असा की, ज्याचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असतो तो ऐन रणात घोड्याला जपतो; गमावले तर भरून देणार कोण? बारगिराचे तसे नव्हते. घोडा सरकारचा, गमावण्यासारखे त्याच्यापाशी होते ते एक शरीर, आणि त्या शरीरावर सारे घर चाललेले असे.

विलायती शर्यतीत ही वाटणी आजतागायत टिकून आहे. पैसे घेऊन घोडा उडविणारा तो धंदेवाईक जॉकी. एक पैही न घेता तीच कुंपणे, तोच वेग आणि तीच पडझड स्वीकारणारा तो हौशी. शर्यतीच्या छापील पत्रिकेत हौश्याच्या नावापूर्वी ‘मिस्टर’ असते, धंदेवाईकाच्या नावापूर्वी काहीच नसते, आणि एवढ्या एका उपाधीत इंग्रजी समाजाची अख्खी वर्णव्यवस्था सामावलेली आहे. घोडा मात्र बहुधा दोघांचाही परक्याच्या मालकीचा असतो, म्हणजे शिलेदाराची उपमा येथे थोडी लंगडते. हौश्याचे जे स्वतःचे असते ते त्याचे पोट, शर्यतीवर न अवलंबलेले. हौश्याचा निभाव याच शर्यतीत लागावा याला वजन हेही एक कारण आहे. सपाट मैदानावरच्या शर्यतीत स्वार पोरसवदा अंगाचाच लागतो, कारण तेथे घोड्यावरचे वजन अत्यल्प ठेवलेले असते. अडथळ्यांच्या शर्यतीत किमान वजनच सुमारे दहा स्टोन, म्हणजे साधारण साडेत्रेसष्ट किलो, इतके राहत आले आहे, त्यामुळे धडधाकट शेतकरी, लष्करी अंमलदार किंवा वकीलसुद्धा उपासमार न करता खोगिरावर बसू शकतो. मोठ्या कुंपणांची उंची किमान साडेचार फूट आणि अंतर किमान दोन मैल. ग्रँड नॅशनलमध्ये तर तीस उड्या आणि चार मैलांहून अधिक दौड. शेवटचे कुंपण मागे पडल्यावर जवळजवळ पाचशे यार्डांची, मध्येच कोपरासारखी वळलेली मोकळी पट्टी उरते, आणि थकलेल्या घोड्याचा खरा कस तेथे लागतो.

याच पट्टीवर ज्यांचे भाग्य पाऊण घोड्याच्या अंतराने हुकले, ते जॉन लॉरेन्स, पुढचे लॉर्ड ओक्सी, हे गेल्या शतकातील हौशी स्वारांचे मला सर्वांत लक्षणीय उदाहरण वाटते. त्यांचा जन्म २१ मार्च १९२९ चा. घराणे न्यायाधीशांचे. आजोबा लॉर्ड ट्रेव्हेथिन इंग्लंडचे सरन्यायाधीश होते आणि उतारवयात, १९३६ साली, वाय नदीत मासे धरताना बुडून मरण पावले. वडील जेफ्री लॉरेन्स हे न्यूरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांचा न्यायनिवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायासनाचे अध्यक्ष. गोअरिंग आणि रिबेनट्रॉप यांना ज्यांनी शिक्षा फर्माविली, त्यांचा मुलगा विल्टशरमधल्या ओक्सी या खेड्यात तट्टांवर वाढला. तो सारा परिसर शिकारीचा. हिवाळा आला की कुत्र्यांच्या कळपामागे घोडे घालावयाचे, हा तेथील घरंदाज कुटुंबांचा कुळाचार, आणि कुंपण म्हणजे थांबण्याची नव्हे तर उडण्याची जागा, हे तेथील मूल अक्षरओळखीइतक्याच लहान वयात शिकते. छोट्या जॉनच्या एका तट्टाचे नाव ‘मिन्स पाय’ होते. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याच्या शीर्षकात या तट्टाला मानाची जागा मिळाली, न्यायासनाला नव्हे.

मुलाने वकील व्हावे, हे ओघानेच ठरलेले होते. ऑक्सफर्ड झाले, अमेरिकेतील येल विद्यापीठात कायद्याचे अध्ययन झाले, आणि मग खोगिराने बॅरिस्टरीवर मात केली. उपजीविकेसाठी त्यांनी पत्रकारिता निवडली. ‘डेली टेलिग्राफ’मध्ये ते ‘मार्लबरो’ या टोपणनावाने लिहीत आणि शिकारी मंडळींचे जे जुने साप्ताहिक ‘हॉर्स अँड हाउंड’, त्यात ‘ऑडॅक्स’ या नावाने. म्हणजे दुपारी शर्यतीत धावावयाचे आणि सायंकाळी त्याच शर्यतीचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवावयाचा, असा हा दुहेरी संसार होता. समीक्षक स्वतः नाटकात उतरला की प्रयोगाची काय दशा होते, हे आपण पाहतो. येथे तसे झाले नाही. १९५८ या एका वर्षात टॅक्सिडर्मिस्ट नावाच्या घोड्यावर त्यांनी सँडाउनचा व्हिटब्रेड सुवर्णचषक आणि चेल्टनहॅमला झालेला हेनेसी सुवर्णचषक असे दोन मोठे मान मिळविले. हेनेसीत हा घोडा शेवटच्या चढापर्यंत मागे रेंगाळत होता. चढावर त्याने अशी काही उसळी घेतली की, त्याच वर्षीची चेल्टनहॅम सुवर्णचषकाची मानकरी घोडी कर्स्टीन ही अगदी निशाणापाशी निसटत्या फरकाने मागे पडली. सारी कारकीर्द जमेस धरली तर विजय दोनशेच्या घरात जातात, आणि हौश्यांमधले अग्रपद दोनदा. वेतनभोगी स्वारांच्या मेळाव्यात राहून एखाद्याने फावल्या वेळात मिळविलेली ही मिळकत लहान म्हणता येणार नाही.

त्यांच्या लेखणीचा सर्वांत गाजलेला वृत्तांत मात्र दुसऱ्याच्या पराक्रमाचा आहे. जून १९६२ मध्ये पॅरिसच्या ओतय मैदानावर फ्रेड विंटर हा धंदेवाईक जॉकी मँडरिन या लहानखुऱ्या घोड्यावर धावत असता, शर्यत सुरू होऊन चारदोन कुंपणे होतात न होतात तोच घोड्याच्या तोंडातील लगामाची कडी तुटली. लगाम नाही म्हणजे वळविण्याचे साधन नाही, रोखण्याचे साधन नाही. आणि ते मैदान तर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वळणावळणांचे. विंटरने केवळ मांड्यांच्या पकडीने आणि अंगाच्या झुकावाने घोडा पुढची सारी कुंपणे पार नेला. शेवटी घोड्याचा एक पायही दुखावला, तरी छायाचित्र पाहून निकाल देण्याची पाळी आली तेव्हा विजय मँडरिनचाच ठरला. बसणाऱ्याच्या मांडीला काय यातना होत असतील, हे जो स्वतः बसला आहे तोच लिहू शकतो, आणि म्हणूनच लॉरेन्स यांच्या त्या वृत्तांताची तेथील क्रीडालेखनात आजही नमुना म्हणून गणना होते.

पुढच्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या नशिबी असाच एक शेवट आला. ३० मार्च १९६३ च्या ग्रँड नॅशनलला सत्तेचाळीस घोडे उभे राहिले. लॉरेन्स यांच्याखाली कॅरिकबेग होता, अवघ्या सात वर्षांचा, म्हणजे या शर्यतीच्या मानाने कोवळाच. शेवटचे कुंपण त्याने आघाडीवर राहून ओलांडले, कोपराचे वळणही घेतले, निशाण अगदी हाकेच्या अंतरावर आले, आणि तेथे पोराचे बळ सरले. मागून आयाला नावाचा, एकास सहासष्ट भावाचा, कोणाच्या हिशेबात नसलेला घोडा आला. त्याच्यावर पॅट बकली हा एकोणीस वर्षांचा धंदेवाईक स्वार होता, आणि घोड्याच्या मालकांपैकी एक तर लंडनचा प्रख्यात केशभूषाकार होता. पाऊण घोड्याच्या अंतराने नॅशनल गेली. मैदानावरून परतताच लॉरेन्स यांना आणखी एक कर्तव्य होते: ‘संडे टेलिग्राफ’साठी या पराभवाचा वृत्तांत लिहिणे. तो त्यांनी लिहिला, आणि त्यात घोड्याची तक्रार केली नाही.

येथवरची कथा एका सुखवस्तू, धाडसी आणि सुसंस्कृत गृहस्थाची आहे, आणि ती एवढीच असती तर तिच्यासाठी इतका कागद खर्च करण्याचे मला प्रयोजन दिसले नसते. डिसेंबर १९६३ मध्ये एन्ट्रीच्याच मैदानावर टिम ब्रुकशॉ या धंदेवाईक जॉकीचा घोडा कुंपणाच्या बाजूच्या आडोशावर आदळला आणि ब्रुकशॉचा कणा मोडला. हा तोच ब्रुकशॉ, ज्याची १९५९ च्या नॅशनलमध्ये रिकीब तुटल्यावर त्याने दुसराही पाय रिकिबीतून काढून घेऊन नुसत्या तोलावर घोडा दुसऱ्या क्रमांकावर आणला होता. चार महिनेही झाले नाहीत तो, १९६४ च्या नॅशनलमध्ये, ‘चेअर’ नावाच्या उंच कुंपणावर पॅडी फॅरेल कोसळला. त्याचाही कणा गेला, आणि घरी चार लहान मुले होती. या दोघांची स्वाराची कारकीर्द संपली, आणि त्यांच्या पोटापाण्याची म्हणावी तशी तरतूद शर्यतीच्या त्या वैभवशाली व्यवस्थेत कोठेच नाही, हे अकस्मात सर्वांच्या ध्यानी आले. हौशी स्वार पडला तर घरची शेतीवाडी, नोकरी, पेन्शन, काहीतरी असते. बारगीर पडला की चूल विझते. त्याच वर्षी या दोघांसाठी निधी उभा राहिला, त्यातून जखमी जॉकींचा कायमचा फंड आकारास आला, आणि लॉरेन्स त्याच्या संस्थापकांत आघाडीवर राहिले. पुढली चार-साडेचार दशके लेखणी, वाणी आणि ओळखीपाळखी यांचा त्यांनी या कामी मुक्तहस्ताने वापर केला. २००९ साली लॅम्बोर्न येथे जखमी स्वारांच्या उपचारांसाठी जी वास्तू उघडली तिला ‘ओक्सी हाउस’ हे नाव आहे. दोनशे विजयांपेक्षा हे काम मोठे, असे माझे मत आहे, आणि ते काम हातून होण्यास त्यांचे हौशीपणच कारण झाले असावे, असेही वाटते: धंदेवाईकाने हाच प्रश्न मांडला असता तर मालक मंडळींनी त्याला मागणी म्हटले असते.

१९७१ साली वडील निवर्तले आणि जॉन लॉरेन्स लॉर्ड ओक्सी झाले. पत्रिकेतली ‘मिस्टर’ ही उपाधी गेली, स्वारी चालूच राहिली. १९७४ च्या व्हिटब्रेडमध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, प्राउड टार्क्विन या घोड्यावर ते प्रथम निशाणापार गेले. परंतु शेवटच्या टप्प्यात द डिक्लर या घोड्याची वाट अडविल्याचा ठपका ठेवून पंचांनी निकाल फिरविला आणि त्यांना दुसऱ्या क्रमांकावर उतरविले. न्यायाधीशाच्या मुलाला हा निवाडा मान्य झाला नाही, आणि त्यावरचा वाद शर्यतीच्या जगात पुष्कळ दिवस पुरला. पुढच्या वर्षी त्यांनी खोगीर उतरविले, आणि दूरचित्रवाणीवरचा त्यांचा आवाज घरोघर पोहोचला.

नॅशनलने त्यांना दिले नाही ते अन्य हौश्यांना मात्र दिले. १९८२ साली डिक सॉन्डर्स हा शेतकरी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ग्रिटारवर बसून जिंकला, ती त्याची पहिली आणि अखेरची नॅशनल, आणि इतक्या वयाचा विजेता दुसरा नाही. १९९० साली मार्कस आर्मिटेज, तोही पत्रकारच, मिस्टर फ्रिस्कवर ८ मिनिटे ४७.८ सेकंदांत विक्रम करून गेला. त्यानंतर हौश्यांना बत्तीस वर्षे थांबावे लागले. २०२२ साली सॅम वेली-कोहेन या उद्योजकाने नोबल येट्सवर ती जिंकली आणि घोषित केल्याप्रमाणे त्याच दिवशी निवृत्ती घेतली.

ज्या शिकारीतून हे सर्व निघाले, तिचे काय झाले? कुत्र्यांकरवी कोल्हा मारण्यास इंग्लंड व वेल्समध्ये कायद्याने बंदी झाली. २००४ चा कायदा १८ फेब्रुवारी २००५ पासून अंमलात आला. कळप राहिले, लाल कोट राहिले, आता आधी टाकून ठेवलेल्या वासाच्या मागावर ते धावतात. या वादात एक पक्ष प्राण्याच्या यातनांकडे बोट दाखवीत होता आणि दुसरा खेड्याच्या जुन्या रीतीकडे. विदर्भातल्या वाचकाला हे दोन्ही पक्ष ओळखीचे वाटतील, कारण शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, खटल्यात आपण ते ऐकले आहेत. २०१४ च्या निकालाने पट बंद पडले, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सुरू होऊ दिले आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा ग्राह्य धरला. स्वतःच्या गोठ्यातली जोडी घेऊन आलेला शेतकरी आणि दुसऱ्याच्या जोडीवर नेमलेला कसबी धुरकरी, हा भेद पटाच्या दाणीवरही असतो. पडलेल्या धुरकऱ्यासाठी ओक्सी यांच्यासारखा फंड आपल्याकडे कोणी उभारला आहे काय, हे पटाचे भोक्ते म्हणविणाऱ्यांनी स्वतःस विचारावे.

ओक्सी ५ सप्टेंबर २०१२ रोजी वारले. त्यांनी पाळलेल्या प्लेड मेड नावाच्या घोडीची शिंगरे त्यांची कन्या आणि जावई मार्क ब्रॅडस्टॉक यांच्या लहानशा तबेल्यात तयार झाली. त्यांपैकी करूदर्स याने २०११ साली हेनेसी जिंकला, म्हणजे टॅक्सिडर्मिस्टनंतर त्रेपन्न वर्षांनी, आणि तो विजय म्हाताऱ्या लॉर्डच्या हयातीत झाला. धाकटा कोनीग्री मार्च २०१५ मध्ये चेल्टनहॅमचा सुवर्णचषक घेऊन आला. मोठ्या कुंपणांच्या शर्यतींत पहिल्याच हंगामात असलेल्या घोड्याने हा चषक मिळविल्याचे उदाहरण १९७४ नंतर घडले नव्हते. त्या दिवशी त्याच्या पाठीवर निको द बॉइनव्हिल होता, आणि तो मेहनताना घेणारा धंदेवाईक स्वार होता.